आधी वाचून दाखवा

२ मार्च २०२५, रविवार

फजिती! सगळ्या वर्गासमोर!

नगरला सावेडीतल्या एका लेखनवर्गाला आज पहिल्यांदा गेले. रामहरी सर आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेत, आता रविवारी घरच्या हॉलमध्ये पाच-सात जणांना लिहायला शिकवतात. मी दोन पानं घेऊन गेले होते — ‘प्रवराकाठची संध्याकाळ’. सोनेरी किरणं, पाखरांची माळ, मंद वारा, सगळं होतं! वाचून झालं. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

“तुम्ही काय काम करता?”

“जनावरांची डॉक्टर आहे. कोल्हारला, सरकारी दवाखान्यात.”

“मग ह्यात एक शेपूटसुद्धा नाही!”

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

परतीच्या एसटीत राहुरीपर्यंत नुसता राग. राहुरी गेल्यावर वाटायला लागलं — खरंच की. दिवसभर माझे हात गाईम्हशींत आणि मी लिहिते पाखरांवर. त्यातल्या एकाचंही नाव मला येत नाही.

५ मार्च

काही लिहिलं नाही. जनावरांना लाळ्या-खुरकूतच्या लसी. वस्त्यावस्त्यांवर फिरून पाठ गेली.

७ मार्च

आज लिहिलं!

नदीपलीकडच्या वस्तीवर एक गाय अडली होती. वासराचा एक पाय आत दुमडलेला. मी मातीत आडवी, हात खांद्यापर्यंत आत. गाय कळ द्यायची तेव्हा हात असा आवळला जायचा की बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. कळ ओसरली की पुन्हा शोधायचं. हा खूर. हा गुडघा. हे नाक — आणि त्याखाली तोंडात बोट घातल्यावर वासरानं जीभ हलवली! म्हणजे जिवंत आहे!

सुटलं एकदाचं. पांढरं-काळं, भिजलेलं, रागावलेलं.

घरी आले तर उजवा हात इतका थरथरत होता की चहाचा कप डाव्या हातानं धरला. आणि तशाच थरथरत्या हातानं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. एक सोनेरी किरण नाही त्यात. हात आत गेला की डोळ्यांचं काम संपतं, एवढंच लिहायचं होतं. लिहिता लिहिता तीन पानं झाली. अक्षर माझं मलाच लागत नाही!

९ मार्च, रविवार

‘उजवा हात’ वर्गात वाचला. वासराची जीभ हलते तिथं पूजा नावाची एक मुलगी, बँकेत आहे ती, “अगं बाई!” म्हणून ओरडली.

सर म्हणाले, “हं. आज तुम्ही आलात. मागच्या रविवारी कोण आलं होतं कोणास ठाऊक.”

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. सगळा रस्ता हसत आले. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

१६ मार्च

सवय लागतेय. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी एक पान. कालच्या कामातलं काहीही — म्हशीच्या सडाला, आचळाला झालेली जखम, दाव्याला हिसका देणारी म्हैस, माजावर आलेली गाय भरवायला मला बोलावून स्वतः लाजून शेताकडं निघून जाणारा शेतकरी. (तो तर धमालच! बाई डॉक्टर आली म्हणून तो उसात लपला आणि गाय मीच एकटीनं धरली.)

लिहिलं की अंग हलकं होतं. इतकी वर्षं हे सगळं कुठं साठून राहिलं होतं?

२२ मार्च

आज गोजरबाईंच्या वस्तीवर. त्यांची काजळी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका, आठवा महिना सरत आलाय. तपासली. सगळं ठीक.

तिथं एक गोष्ट बघितली, ती डोळ्यांपुढून हलत नाही. गोठ्याच्या एका कोपऱ्यात खाट. खाटेवर विटलेली गोधडी, उशाला पाण्याचा तांब्या. गोजरबाई सत्तरीच्या पुढच्या. इथंच झोपतात म्हणे! घर चांगलं स्लॅबचं, तीन खोल्यांचं. नवरा पुंजाराम, मुलगा अजिनाथ, सून मनकर्णा, नात सृष्टी — सगळे घरात. ही एकटी गाईंपाशी.

मी विचारलं, “आजी, इथं झोपता तुम्ही?”

“व्हय! ह्योच आता माजा बंगला, डॉक्टरबाई.” आणि पदरानं डोळे टिपले.

सून दारात उभी होती. बघत होती. एक शब्द बोलली नाही.

४ एप्रिल

गेले काही दिवस तोच एक लेख. लिहिताना रडले. खरंच रडले. असं कधी झालं नव्हतं. वाक्यं आपोआप येत होती — “ज्या घराला तिनं सावली दिली, त्या घरात तिच्या खाटेला जागा उरली नाही.” आणि सुनेबद्दल — “दारातून बघणाऱ्या तिच्या नजरेत ना राग होता, ना माया.”

वाटतंय की जमलंय.

६ एप्रिल, रविवार

जमलंय! ‘गोठ्यातली आजी’ वाचला. पूजा डोळे पुसत होती. सगळे म्हणाले, पेपरला पाठवाच.

सर एवढंच म्हणाले, “उतरलंय चांगलं. ह्या आजींना वाचता येतं?”

“नाही सर. अक्षरओळख नाही.”

त्यांनी मान हलवली. कौतुकात जरा हात आखडता घेतला असं वाटलं. जाऊ दे.

नगरच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीला पाठवून दिला. (अहिल्यानगर म्हणायला हवं आता. तोंडात बसत नाही अजून.)

२० एप्रिल, रविवार

छापून आला!! अर्ध्या पानावर! वर माझं नाव — डॉ. सत्यशीला. खाली गाईचं चित्र. चित्रातली गाय चुकीची आहे, आपल्याकडं असली गाय नसते, पण असू दे!

चार अंक घेतले. दिवसभर फोन. आईचा पाथर्डीहून — “शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. लई रडले बघ.”

मी कुणाचंच नाव घातलं नव्हतं. ‘एक आजी’, ‘एक वस्ती’. बस.

२१ एप्रिल

काय करून बसले मी हे!

दूध डेअरीवर सकाळी कुणीतरी तो लेख मोठ्यानं वाचला. काळी गाय, कपाळावर पांढरा ठिपका, नदीकाठची स्लॅबची वस्ती — अर्ध्या वाचनातच सगळ्यांना कळलं. अजिनाथ तिथंच कॅन घेऊन उभा होता.

दुपारी त्याचा फोन. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“मॅडम, आमच्या गोठ्याकडं पुन्हा येऊ नगा. आमी दुसरा डॉक्टर बघू.”

“अजिनाथभाऊ, ऐका तरी —”

“माझी बायको सकाळपासनं जेवली न्हाई.” फोन ठेवला.

२३ एप्रिल

मनकर्णाच्या भावाचा नेवाशाहून फोन आला होता म्हणे तिला — तू सासूला गोठ्यात टाकलीस? हे मला आमच्या शिपायाकडून कळलं. आता डेअरीवरही ती जात नाही. दूध घालायला सृष्टी येते.

स्वतःला समजावतेय — जे बघितलं तेच लिहिलं. खोटं काय आहे त्यात? पण चहा गिळवत नाही.

२९ एप्रिल

सकाळचं पान कोरं. रोज कोरंच.

२ मे

काजळी व्याली. कालवड झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी सोडवली. दोघी सुखरूप आहेत. बरं झालं. मनापासून लिहितेय, बरं झालं.

४ मे, रविवार

जायचं नव्हतं, पण गेले. वर्ग सुटल्यावर मागं थांबले आणि सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाले, “तुम्ही आजींना वाचून दाखवलं होतंत?”

“नाही.”

“तुम्ही गाय कशी तपासता? लांबून बघून?”

“नाही सर. हात घालून.”

“मग?”

त्यांनी आणखी एक विचारलं. हळू आवाजात. “तो लेख तुम्ही रडत रडत लिहिलात म्हणालात. त्या खाटेवर तुम्हाला कोण दिसलं?”

उत्तर एसटीत बसल्यावर आलं. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबली होती, बाहेर एक बाई भेळ विकत होती, आणि मला एकदम दगडाबाई दिसली. माझी आजी. आम्ही ऊसतोडीला यायचो, ह्याच भागात, पाचटाच्या कोपीत, उसाच्या पाल्याच्या झोपडीत, राहायचो. आम्ही सगळे आत आणि आजी बाहेर, बैलांपाशी, पोतं अंथरून. मी सात-आठ वर्षांची. रोज वाटायचं, तिला आत जागा का नाही?

मी गोजरबाईंवर लिहिलंच नव्हतं. गोठा त्यांचा, खाट त्यांची, आणि त्यावर झोपवली मी माझी आजी. आणि मग कुणावर तरी राग काढायचा म्हणून दारातली सून!

५ मे

उद्या जायचं. हाकलून दिलं तरी चालेल.

६ मे

गेले. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

अजिनाथ लोणीला गेला होता. गोठ्याच्या तोंडाशी गोजरबाई कालवडीला हातानं दूध चाटवत होत्या. स्कूटरचा आवाज ऐकून वर बघितलं.

“आली का गं! इतके दीस कुटं हुतीस? ही बघ काजळीची लेक!”

मला वाटलं, ह्यांना कुणी काही सांगितलंच नाही की काय? मी खाली बसले. म्हटलं, “आजी, मी तुमच्यावर पेपरात लिहिलं. ते —”

“म्हाईत हाय की. सृष्टीनं वाचलं मला. समदं.”

“मग तुम्हाला राग नाही आला?”

“राग? मी तर हासत हुते!” आणि खरंच हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून. “अगं पोरी, मला घरात जागा न्हाई असं कोन म्हनलं तुला? म्हातारं लई घोरतंय! जल्मभर सोसलं मी ते. आता डोळ्याचं आपरीशन झालं, डागदर म्हनला झोप पायजे. मीच म्हनलं, माजी खाट गोठ्यात न्या. गाई घोरत न्हाईत!”

मी खाटेकडं बघितलं.

“पण आजी... त्या दिवशी तुम्ही रडलात. डोळे पुसले.”

“थेंब! डोळ्यात थेंब टाकत्यात न्हाई का, मोतीबिंदूचं! सूनच टाकती रोज. ते गळत्यात मग.”

आणि वर बोट केलं. गोठ्याच्या छताला पंखा. त्या दिवशी मी पंखा बघितलाच नव्हता! खाटेच्या पायाला गुंडाळलेली मच्छरदाणीसुद्धा नाही. काय बघितलं मी? गोधडी तेवढी बघितली. तीसुद्धा त्यांच्या आईच्या लुगड्यांची निघाली. त्यांना तीच लागते.

मागं चाहूल लागली. मनकर्णा दारात उभी. त्या दिवशीसारखीच. पण आज बोलली.

“‘ना राग होता, ना माया.’” तिनं माझं वाक्य मला म्हणून दाखवलं. पाठ झालं होतं तिला. “माज्या नजरेत काय हुतं सांगू का, डॉक्टरबाई? दूध हुतं! गॅसवर ठिवलेलं! ते उतू जातंय का म्हनून निम्मं ध्यान आत आन् निम्मं तुमच्याकडं. तुमच्याशी काय बोलावं ते मला सुचत न्हाई. तुमी शिकल्याल्या.”

मला हसू आणि रडू दोन्ही एकदम. पण ती हसत नव्हती.

“भावानं मला इचारलं, तू असं केलंस? मी म्हनलं न्हाई. त्यो म्हनला, मग पेपरात कसं आलं? पेपरापुढं माजं कोन ऐकनार? हा पंखा मी हट्टानं लावून घेतला. म्हातारी ऐकंना म्हनून तिची खाट मी आनि सृष्टीनं उचलून आनली. तीनदा तिला घरात न्यायला बघितलं. आन् तुमी एकदा दारात बघितलं, की झालं!”

“चुकले मी, वहिनी.” दुसरं काय म्हणणार? “मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“मी सांगितलं असतं.”

कालवड माझ्या ओढणीचं टोक चघळत होती. मग मनकर्णा म्हणाली,

“आता परत लिवा. तितकंच मोठं. त्याच पेपरात. पर आदी हितं येऊन वाचून दाखवा.”

“दाखवते.”

“समद्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर.”

निघताना गोजरबाई मागून ओरडल्या, “म्हाताऱ्याचं घोरनं लिवशील गं! नक्की लिव!”

गेटबाहेर आल्यावर स्कूटर थांबवली आणि रडून घेतलं. दुःखाचं नव्हतं ते. एवढी म्हातारी बाई आपल्या मर्जीनं, पंख्याखाली, गाईंच्या सोबतीला निवांत झोपतेय! तिला कुणी टाकलेलं नाही! किती बरं वाटावं माणसाला!

९ मे

लिहितेय. अवघड जातंय. पहिला लेख एका ओघात झाला होता, हा अडत अडत होतोय. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारते — हे बघितलंस, की ठरवलंस?

‘केविलवाणी’ हा शब्द खोडला. ‘एकाकी’ खोडला. पंखा घातला.

११ मे, रविवार

सावेडीला न जाता वस्तीवर गेले. ओट्यावर सगळे जमले. अजिनाथ खांबाला टेकून, हाताची घडी घालून, माझ्याकडं न बघता. त्याचे वडील पुंजाराम खुर्चीवर. सृष्टीला सुट्टी, ती अगदी पुढं. मनकर्णा उंबऱ्यात.

वाचायला लागले.

‘मला माहीत नव्हतं’ हे लेखाचं नाव. आधी मी काय लिहिलं ते, मग काय बघायचं राहिलं ते. घोरण्यापाशी आले आणि पुंजारामबाबा ताठ बसले.

“मी घोरत न्हाई.”

“आबा!” सृष्टी.

“न्हाई म्हंजे न्हाई! खोटं छापू नगा!”

गोजरबाई म्हणाल्या, “तुमी निजल्यावर तुमाला ऐकू येतंय व्हय?”

अजिनाथ हसला. हाताची घडी सुटली. मग जो तो सांगायला लागला. पंखा गेल्या उन्हाळ्यातला नाही, ह्या फेब्रुवारीतला. थेंब सकाळी आणि संध्याकाळी. खाट कडुनिंबाची नाही, बाभळीची. मी पेन्सिलनं दुरुस्त करत होते आणि पान सगळं काळं झालं. पुंजारामबाबांशी शेवटी तडजोड झाली — ‘थोडंसं घोरतात’.

दुधाचं वाचलं, गॅसवरच्या, तेव्हा मनकर्णानं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मला भीती वाटली. वळली तेव्हा कळलं, हसतेय!

“बरूबर हाय,” म्हणाली. “ह्ये छापा.”

अजिनाथ मला गेटपर्यंत सोडायला आला. म्हणाला, “काजळीला व्याल्यावर वार पडायला उशीर झालता मॅडम. उद्या एकदा बघून जाता का?”

उद्या जाते!! जाते म्हणजे काय!

१४ मे

पुरवणीचे संपादक फोनवर: “डॉक्टर, चार ओळींचा खुलासा टाकतो ना खाली. एवढा मोठा लेख कशाला? तुमचंच नाव खराब होईल.”

म्हटलं, आधीचा अर्धं पान होता. हाही अर्धंच पान हवा.

“वाचकांना आधीचा आवडला होता हो.”

“ज्यांना नाही आवडला त्यांच्यासाठी आहे हा.”

बघतो म्हणाले.

१८ मे, रविवार

आज नाही आला. पुरवणी दोनदा चाळली.

वर्गात सरांना पेन्सिलनं बरबटलेलं पान दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं. “तुमचा पहिला लेख जास्त सुबक होता,” म्हणाले. “मला हा आवडला.”

२५ मे, रविवार

आला! अर्धं पान! ह्या वेळी गाईचं चित्र बरं आहे.

मी अंक आणायला जायच्या आधीच सृष्टीचा फोन — “मॅडम, आबांनी डेअरीवर स्वतः वाचून घेतलं आणि ‘थोडंसं’ शब्दावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं!”

२६ मे

मनकर्णाचा भाऊ काल संध्याकाळी नेवाशाहून आला, बहिणीला भेटायला. पेपर हातात घेऊन. गोजरबाईंच्या पाया पडला म्हणे आणि गोठ्यातल्या खाटेवर तासभर झोपून बघितलं. “गार वारा येतोय की!”

मनकर्णा आज डेअरीवर आली होती. कॅन घेऊन, डोक्यावरचा पदर नीट करत. लांबून हात केला मला.

किती दिवसांनी पोटभर जेवले.

१ जून, रविवार

आता दगडाबाईवर लिहिलंय. ती आता नाही, तिला वाचून दाखवता येत नाही, म्हणून आईला फोनवर वाचून दाखवलं. कोपी, बैल, पोतं. शेवटी लिहिलं होतं — तिला आत जागा नव्हती.

आई म्हणाली, “जागा हुती की.”

“मग बाहेर का झोपायची?”

“तुला अभ्यासाला कंदील लागायचा ना? तिला उजेडात डोळा लागायचा न्हाई. पोरीचा दिवा इझवू नका म्हनायची आन् उठून बैलांपाशी जायची.”



इतकी वर्षं त्या पोत्याचं दुःख घेऊन फिरले. आजी उपेक्षेनं बाहेर नव्हती. माझ्यासाठी, तिच्या मर्जीनं बाहेर होती. छातीवरून कुणीतरी धोंडा उचलावा तसं झालं. शेवट खोडला. कंदिलाचं लिहिलं.

८ जून

आता हाच रिवाज. ज्याच्यावर लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं. कुठं ओट्यावर, कुठं गव्हाणीपाशी. वेळ जातो, पण लेख पिकतो. लोक असं काही सांगतात की मला सात जन्मात सुचलं नसतं.

शेतकरी बिभीषणरावांना आज त्यांच्या म्हाताऱ्या बैलावरचा वाचून दाखवला. ऐकलं. डोळे पुसले. (थेंब नव्हते. विचारलं!) म्हणाले, “लई खरं लिवलंय. पर छापू नगा, बाई. ते आमच्या दोघातलं हाय.”

माझा सगळ्यात चांगला लेख असावा तो. घडी करून त्यांच्याच हातात दिला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१९ जून

मनकर्णा दवाखान्यात आली. बरोबर जनावर नव्हतं, हातात दोन पानं होती.

“मी बी लिवलंय. तुमच्यावर. ऐका.”

उभ्यानंच वाचलं तिनं. एका जागी लिहिलं होतं — “बाईंचे मालक, डॉक्टरसाहेब, देवाघरी गेल्यापासून बाई कोल्हारला एकट्या राहतात. संध्याकाळी दवाखाना बंद करायची वेळ होऊन गेली तरी त्या दार उघडं ठेवतात. कुणाची तरी गाय अडावी आणि कुणीतरी हाक मारावी, म्हणून.”

थांबली. “चुकलं का काय? काढू?”

ही वही कुणी वाचणार नाही, तरी मी हे इथं एकदाही लिहिलं नव्हतं.

“राहू द्या, वहिनी,” म्हटलं. “एक शब्द काढू नका.”